सबटायटलमध्ये न मावणारा संसार

सत्यजित राय यांचा १९५९चा ‘अपूर संसार’ परदेशात ‘द वर्ल्ड ऑफ अपू’ या नावानं पोचला, म्हणजे अपूचं जग. मराठी माणसाला या नावाचं भाषांतरच लागत नाही. अपूचा संसार. भाड्याची खोली, शेगडीचा धूर, महिनाअखेरची ओढाताण, नव्या नवरीनं बदललेला फाटका पडदा, हे सगळं त्या एका शब्दात आपसूक येतं. बंगालीतही ‘संसार’ याच अर्थानं वापरतात. इंग्रजीत त्याला जोड सापडली नाही, म्हणून ‘जग’ लिहून वेळ मारून न्यावी लागली.

बंगाली आर्ट सिनेमाबद्दल आपल्याकडची ठरलेली तक्रार म्हणजे तो संथ असतो. विसाव्या मिनिटाला हात फोनकडे जातो. पण या चित्रपटांत घडत पुष्कळ असतं. कुणी कुणाला काय हाक मारली, पगार कुणाच्या हातात ठेवला, कोण कुठे झोपलं, आधी कोण जेवलं, यांत ते घडतं आणि इंग्रजी सबटायटल सगळ्यात आधी हेच गाळतं. मराठी प्रेक्षक इथे इंग्रजीवर अवलंबून असणाऱ्यापेक्षा दहा पावलं पुढे असतो, कारण नात्यांचे निम्मे शब्द त्याच्या घरातलेच आहेत. काही ठिकाणी मात्र हीच ओळख त्याला फसवते. कुठे कान द्यायचा आणि कुठे सावध राहायचं एवढं कळलं, की हे चित्रपट बरेच भरभर चालू लागतात.

मुख्य नावं तीन: सत्यजित राय, ऋत्विक घटक आणि मृणाल सेन. रायांचा पहिला चित्रपट ‘पथेर पांचाली’ १९५५चा, शेवटचा ‘आगंतुक’ १९९१चा. घटकांचा ‘नागरिक’ १९५२ सालीच तयार होता, पण तो लोकांसमोर आला १९७७ मध्ये, घटक गेल्यावर. सेन यांचे कुटुंबावरचे सगळ्यात धारदार चित्रपट १९७९पासूनचे. तिघांची तऱ्हा वेगळी असली तरी घरात शिरण्याची दारं तीच आहेत.

आत्या, आतेभाऊ, मामा

‘पथेर पांचाली’तली म्हातारी इंदिर ठाकरुण सबटायटलमध्ये नुसती ‘आंटी’ होऊन जाते. घरातली मुलगी दुर्गा, अपूची बहीण, तिला ‘पिशी’ म्हणते. पिशी म्हणजे आत्या; ‘माशी’ म्हणजे मावशी. इंदिर ही दुर्गाच्या बापाची, हरिहरची, लांबच्या नात्यातली थोरली बहीण, म्हणजे त्याच्या बायकोची, सर्वजयाची नणंद. हे एकदा लक्षात आलं की स्वयंपाकघरातल्या कुरबुरींचं वजन बदलतं. म्हातारी तेल-मिरची उचलते आणि सर्वजया फणकारते, तेव्हा खाणारं एक तोंड जास्त आहे एवढाच तो वाद राहत नाही. इंदिर या घराण्याची लेक, सर्वजया बाहेरून आलेली सून. पडक्या भिंतींचं ते घर नेमकं कुणाचं, यावर दोघी भांडताहेत आणि पुरता हक्क दोघींनाही नाही. शेवटच्या वेळी इंदिर दारात येते, तेव्हा ती पाणी मागते. सर्वजया जागची हलत नाही. म्हातारी स्वतःच भांड्यात पाणी घेते, पिते आणि उरलेलं एका रोपट्याला घालते. जाता जाता माहेरच्या झाडाला पाणी घालणारी ही लेक ‘आंटी’ या शब्दात कशी मावणार?

‘चारुलता’चंही (१९६४) तेच. मूळ कथा रवींद्रनाथांची, १९०१ सालची ‘नष्टनीड’. तिच्यात अमल हा चारूच्या नवऱ्याचा, भूपतीचा ‘पिसतुतो भाई’ आहे. मराठीत एका शब्दात सांगता येतं: आतेभाऊ. म्हणजे चारू त्याची वहिनी. तो तिला ‘बौठान’ म्हणतो. आता इथे बंगाली घराचा एक नियम ठाऊक हवा. नवऱ्याच्या थोरल्या भावाला ‘भासूर’ म्हणतात. त्याच्यासमोर डोक्यावर पदर हवाच, सरळ बोलणंसुद्धा नको. धाकट्या दिराशी मात्र थट्टा, हट्ट, रुसवे-फुगवे, अर्धी-मुर्धी कविता, सगळ्याला मोकळीक. आपल्याकडेही दीर-वहिनीची चेष्टा चालतेच, पण बंगालीत या नात्याभोवती अख्खं साहित्य उभं आहे. त्यामुळे चारू आणि अमल बागेत तासन्‌तास बसतात यावर घरात कुणाची भुवई उंचावत नाही. नवराच अमलला सांगतो की हिच्या लिखाणाला जरा उत्तेजन दे. चोरटं प्रेम दाखवणाऱ्या चित्रपटांत असतात तशी दारं-खिडक्यांआडची धडधड इथे नाही, कारण नात्यानंच परवानगी दिली आहे. परवानगी संपते कुठे हे तिघांपैकी कुणालाच वेळेवर कळत नाही. ‘कझिन’ एवढंच वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. तो उगाच कुणीतरी पकडलं जाण्याची वाट बघत बसतो.

‘आगंतुक’मध्ये पस्तीस वर्षांनी परतलेला माणूस हा नायिकेचा मामा आहे. मामा, म्हणजे आईकडचा. मामा भाचीच्या घरी येतो तो लाड करायला, अशी आपलीही समजूत आणि त्यांचीही. म्हणूनच तो खरा मामा आहे की वारसाहक्कातला वाटा लाटायला आलेला भामटा, ही शंका अधिक बोचते. पासपोर्ट बघून नातं सिद्ध होतं का, हा चित्रपटाचा सवाल आहे. ‘अंकल’ म्हटलं की तो सवाल अर्धा बोथट होतो.

भावंडांच्या क्रमालाही नावं आहेत: बडो, मेजो, शेजो, नो, छोटो. आपण थोरला, मधला, धाकटा यावर थांबतो. तिथे पाच जणांपर्यंत सोय आहे. ‘मेजोबौ’ म्हणजे मधली सून. ही नावं कानावर पडली की घरात किती भाऊ आहेत आणि बोलणारी व्यक्ती कुठल्या पायरीवर उभी आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

‘तुमी’ म्हणजे तुम्ही नव्हे

मराठी कानाला हमखास चकवणारी जागा ही. बंगालीत तीन पायऱ्या आहेत: ‘तुई’, ‘तुमी’, ‘आपनी’. ‘तुमी’ ऐकलं की आपल्याला ‘तुम्ही’ वाटतं आणि बायको नवऱ्याला मान देतेय असा समज होतो. खरं तर ‘तुमी’ ही मधली, बरोबरीची पायरी. नवरा-बायको एकमेकांना ‘तुमी’च म्हणतात. मूल आईला ‘तुमी’ म्हणतं, आई मुलाला ‘तुई’. आपल्या ‘तुम्ही’ला तिकडे ‘आपनी’ आहे. त्यामुळे ‘महानगर’मधलं आरती आणि सुब्रत हे जोडपं ऐकताना ‘अहो-जाहो’चं जुनं मराठी घर डोळ्यांसमोर आणू नका. दोघं बरोबरीनं बोलतात, आणि म्हणूनच तिच्या नोकरीनंतर त्या बरोबरीला गेलेला तडा ऐकू येतो.

मंगळसूत्र शोधू नका

बंगाली सवाष्णीच्या गळ्यात मंगळसूत्र नसतं. खूण असते मनगटावर: शंखाची पांढरी बांगडी म्हणजे ‘शांखा’, तांबडी ‘पोला’ आणि लोखंडाची एक. शिवाय भांगात सिंदूर. हे चित्रपट बहुतेक कृष्णधवल आहेत. त्यात शांखा लख्ख पांढरा दिसतो, पोला आणि सिंदूर मात्र काळपट होऊन जातात. बाई विवाहित आहे का हे बघायचं तर हात बघा.

विधवेची खूण त्याहून ठळक आहे: बिनकाठाची पांढरी साडी. पुढचं पडद्यावर क्वचितच सांगितलं जातं, कारण बंगाली प्रेक्षकाला ते सांगायची गरज नव्हती. वरच्या जातींतल्या विधवेला मासे, कांदा-लसूण, मसुराची डाळसुद्धा वर्ज्य. एकादशीला कडक उपास. तिचं शिजवणंही निराळं. जिथे रोजचं जेवण माशाशिवाय होत नाही, तिथे ही शिक्षा दिवसातून दोनदा ताटात वाढली जाते. ‘अपराजितो’त (१९५६) हरिहर काशीत मरतो आणि सर्वजया पांढऱ्या साडीत एका श्रीमंताघरी स्वयंपाकाला लागते. एकदा तिला दिसतं की आपला मुलगा त्या मालकाची चाकरी करतोय, त्याचे पिकले केस उपटून पैसे मिळवतोय. ती काही बोलत नाही. पुढच्याच दृश्यात गाडी सुटलेली असते आणि खिडकीबाहेर काशी मागे पडत असते. ब्राह्मण विधवेनं परक्याचा स्वयंपाक करणं एकवेळ तिनं पत्करलं होतं, पण मुलगा त्याच घरात गडी म्हणून वाढणं तिला परवडणारं नव्हतं. तिचा निर्णय आपण प्रत्यक्ष बघत नाही, निर्णयानंतरची गाडी बघतो.

‘अपूर संसार’मधलं लग्नही समजून घ्यावं लागतं. नवरदेव वेडा निघतो आणि मित्राबरोबर सहज लग्नाला आलेल्या अपूला बोहल्यावर उभं केलं जातं. मराठी प्रेक्षकाला हे फिल्मी वाटतं. मुहूर्त टळला तर दुसरा काढतील, त्यात काय? पण जुन्या बंगाली समजुतीत ठरलेली लग्नघटिका गेली की मुलगी ‘लग्नभ्रष्टा’ ठरायची. मग तिचं लग्न होणं जवळजवळ संपलंच. घड्याळाचा काटा हा त्या प्रसंगातला खलनायक आहे.

त्याच चित्रपटात पुढे एक छोटं दृश्य आहे. अपू जेवतोय, त्याची बायको अपर्णा शेजारी बसून हातपंख्यानं वारा घालतेय. नवरा जेवताना बायकोनं पंखा घ्यायचा, ही घरोघरची रीत. लगेच पुढच्या शॉटमध्ये अपर्णा जेवतेय आणि पंखा अपूच्या हातात आहे. संवादात यावर अवाक्षर नाही. रीत माहीत नसेल तर हे गोड दृश्य वाटतं; माहीत असेल तर त्या काळच्या पुरुषानं किती मोठी गोष्ट केली हे कळतं.

वाटा कुणाचा

थोडा कायदा. महाराष्ट्रात हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेला मिताक्षरा लागू होती: मुलगा जन्मला की वडिलोपार्जित मालमत्तेत त्याचा हक्क आला. बंगालमध्ये चालत होता जीमूतवाहनाचा दायभाग. त्यात बाप जिवंत असेपर्यंत मुलाला काहीही हक्क नाही, सगळं बापाचं. दुसरीकडे, मुलगा नसलेल्या पुरुषाची विधवा त्याच्या वाट्याची हयातीपुरती वारस व्हायची. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं यातलं बरंच बदललं, पण रायांचे जमीनदारी चित्रपट त्याआधीच्या काळात घडतात.

‘देवी’ (१९६०) या चष्म्यातून बघावा. काळ १८६०च्या आसपासचा. जमीनदार कालीकिंकरला स्वप्न पडतं की धाकटी सून दयामयी हीच देवी. दुसऱ्या दिवसापासून तिची पूजा सुरू. शिकलेला नवरा कलकत्त्याहून धावत येतो आणि बापापुढे त्याचं काही चालत नाही. आपल्याला तो नेभळट वाटतो. पण त्याच्या नावावर छप्पर सोडा, एक वीटही नाही. थोरला मुलगा तर बापाच्या मागे मुकाट हात जोडतो. भक्तीच्या खाली मालकी हक्काचा पाया किती भक्कम आहे, हे राय शब्दांत सांगत नाहीत. तो पाया घरातल्या प्रत्येकाला माहीत असतो.

पहिल्या तारखेचा पगार

१९४७च्या फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं कलकत्त्याच्या कडेनं मोकळ्या जमिनी बळकावून राहिली. त्या वस्त्यांना नावच पडलं ‘जबरदखल कॉलनी’. बिजयगढ, आझादगढ, नेताजीनगर अशा. जमीनदारी गेली, शेत गेलं, बापाची मास्तरकी अपुरी पडू लागली, आणि ज्या घरांतली बाई एकटी रस्त्यावर जात नव्हती, त्या घरांतल्या मुली नोकरीला लागल्या. बंगाली कौटुंबिक सिनेमाचा सगळ्यात सकस भाग इथून निघतो: मिळवती मुलगी आणि तिच्यावर जगणारं घर.

घटकांच्या ‘मेघे ढाका तारा’त (१९६०) ती नीता आहे. सुरुवातीलाच तिच्या चपलेचा पट्टा तुटतो. ती तशीच पाय ओढत चालते. पहिल्या तारखेला पैसे हातात येतात आणि घरात पोचायच्या आत वाटले जातात. बहिणीला साडी, धाकट्या भावाला खेळाचे बूट. चप्पल राहून जाते. कोण किती मिळवतं हे कागदावर मांडून बघा: बाप मास्तर, पण पुढे अंथरुणाला, मोठा भाऊ शंकर गाण्याच्या नादात, कमाई शून्य, धाकटा कारखान्यात लागतो आणि अपघातात सापडतो, बहीण गीता काही करत नाही. सहा जणांचं घर एका मुलीच्या शिकवण्यांवर आणि मग नोकरीवर. आता आईच्या जागी उभं राहा. नीताचं तिच्या प्रियकराशी, सनतशी, लग्न झालं तर दुसऱ्या महिन्यापासून चूल कशी पेटणार? म्हणून सनत घरी येतो तेव्हा आई गीताला पुढे करते. घटक या आईला दुष्ट दाखवत नाहीत. नीता आणि सनत बोलत असताना आईचा चेहरा दिसतो आणि मागे चुलीवर काहीतरी रटरटल्याचा आवाज वाढत जातो. तो आवाजच तिची बाजू मांडतो.

मराठी घरांत बंगाली कुटुंब पहिल्यांदा आलं ते शरच्चंद्रांच्या कादंबऱ्यांतून, मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे. तिथली सोशीक, त्यागी बाई आपल्या डोक्यात पक्की बसली आहे आणि नीताला बघताना आपण नकळत तिलाच शोधतो. इथे घसरण होते. नीताच्या त्यागाचं कौतुक घटकांना करायचं नाहीच. त्या त्यागाचा त्यांना संताप आहे. सनतच्या घरून ती जिना उतरते तेव्हा पार्श्वभूमीला चाबूक ओढल्याचा आवाज येतो. क्षयानं पोखरलेल्या तिला बापच घर सोडून जायला सांगतो, कारण आता घराला दुसरा मजला चढायचा आहे. शेवटी शिलाँगच्या सॅनटोरियममध्ये ती भावाला ओरडून सांगते की मला जगायचं होतं. हे त्यागमूर्तीचं वाक्य नव्हे. त्यागमूर्ती असं बोलत नाहीत.

यामागे घटकांनी एक मिथकही पेरलंय, आणि ते कळायला मराठी माणसाला सोपं आहे. बंगालमध्ये दुर्गा म्हणजे उमा, कैलासावरून चार दिवस माहेरी येणारी लेक. तिला बोलावणारी गाणी म्हणजे ‘आगमनी’, आणि दशमीला विसर्जन. आपल्याकडे गौरी माहेरवाशीण म्हणून येतात आणि तिसऱ्या दिवशी जातात, अगदी तसंच. चित्रपटात आई उमेला कुशीत बोलावते असं गाणं येतं, ते नीताच्या पाठवणीवर. लेकीला माहेरी बोलावण्याचं गाणं घरातून घालवताना वाजवलं आहे.

रायांचा ‘महानगर’ (१९६३) त्याच प्रश्नाकडे शांतपणे बघतो. मूळ कथा नरेंद्रनाथ मित्र यांची. घरात सहा जण: नवरा-बायको, सासू-सासरे, नणंद, मुलगा. (नणंदेच्या भूमिकेत शाळकरी जया भादुरी आहे.) नवऱ्याचा बँकेतला पगार पुरत नाही, म्हणून तोच आरतीला नोकरी करायला सुचवतो. ती घरोघर फिरून विणकामाची यंत्रं विकते. पहिला पगार मिळाल्यावर ती कचेरीच्या स्वच्छतागृहात जाऊन आरशासमोर नोटांकडे बघते, त्यांचा वास घेते. घरी मात्र ती सगळ्यांसाठी भेटी आणते आणि सासरे तिच्या पैशाला हात लावत नाहीत. हे सासरे निवृत्त शिक्षक. सुनेचे पैसे नकोत, पण जुन्या विद्यार्थ्यांच्या दारात उभं राहायला त्यांना संकोच नाही. डोळ्यांचा डॉक्टर झालेल्या एका विद्यार्थ्याकडून ते फुकट चष्मा घेतात. गुरुदक्षिणा हक्काची, सुनेची कमाई नामुष्कीची. हा हिशेब विचित्र वाटला तरी ओळखीचा आहे, नाही का? नवऱ्याला बायकोच्या पर्समध्ये लिपस्टिक सापडते, तो तिला राजीनामा द्यायला लावतो, आणि ती तो देणार एवढ्यात त्याची बँकच बुडते. त्यानंतर घरातला प्रत्येक जण एका रात्रीत आपलं तत्त्व गिळतो. इथे राय हसतात, पण दात न दाखवता.

‘सुवर्णरेखा’त (तयार १९६२, प्रदर्शित १९६५) घटक हाच धागा तुटेपर्यंत ताणतात. भावानं वाढवलेली बहीण सीता शेवटी देहविक्रीला लागते आणि पहिल्या रात्री नशेत आलेलं गिऱ्हाईक तिचा भाऊच असतो. ती ‘बोटी’नं जीव देते. सबटायटलमध्ये चाकू. बोटी म्हणजे विळी: पायाखाली दाबून बसायचं, मासे-भाजी चिरायचं, रोज हाताशी असणारं पातं. विळीवर बसलेली बाई हे संसाराचं चित्र, म्हणून ते हत्यार तिथे इतकं भयंकर वाटतं. हा योगायोग फार ओढूनताणून आणलाय असं म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यांच्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. पण घटक योगायोगाला लाजत नाहीत. फाळणीनं जे केलं त्यापुढे हा योगायोग काहीच नाही, असा त्यांचा एकूण पवित्रा.

जिना, शेगडी, झरोका

सेन यांचा ‘एक दिन प्रतिदिन’ (१९७९) पुण्याच्या जुन्या वाड्यात राहिलेल्याला लगेच समजेल. मधे चौक, भोवती बिऱ्हाडं, मालक त्याच इमारतीत, जिना सगळ्यांचा. सात जणांचं घर पोसणारी थोरली मुलगी चिनू एका संध्याकाळी कामावरून परतत नाही. घरचे शोधाशोध करतात: पोलीस ठाणं, इस्पितळ, शवागार. पण चित्रपटाचं लक्ष आहे जिन्यावर आणि दारांच्या फटींवर. काळजी किती वाजता बदनामीच्या भीतीत बदलते ते बघा. शेजाऱ्यांच्या पावलांवरून कळतं. चिनू पहाटे येते. ती कुठे होती हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, आणि तेच शोधत बसलेला प्रेक्षक चाळीतल्या शेजाऱ्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहतो. सेन यांनी हा सापळा जाणूनबुजून लावला आहे.

‘खारिज’ (१९८२) त्याहून कोरडा. या चित्रपटाला १९८३ मध्ये कानच्या महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. नाव आपल्या कोर्टाच्या भाषेतलंच आहे: दावा खारीज. मध्यमवर्गीय जोडप्याकडे कामाला ठेवलेला पालान नावाचा पोरगा एरवी जिन्याखाली झोपतो. कडाक्याच्या थंडीत एका रात्री तो ऊब म्हणून स्वयंपाकघरात जाऊन, दार लावून झोपतो. आत कोळशाची शेगडी धुमसत असते. सकाळी तो मेलेला सापडतो. बंद खोलीत हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. झोपलेल्याला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. मग दोष कुणाचा? झरोका न ठेवणाऱ्या घरमालकाचा? पांघरूण न देणाऱ्या मालकिणीचा? दार लावणाऱ्या पोराचा? कायद्यानं कुणाचाच ठरत नाही. गावाहून त्याचा बाप येतो. आता तो मालकाच्या थोबाडीत मारणार, या धास्तीनं सगळे त्याच्याकडे बघत असतात. तो निरोप घेऊन निघून जातो. ‘तो आमच्या घरातलाच होता’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो ते इथे नीट तपासलं गेलंय, झोपायच्या जागेवरून.

घराचा उजेडही बघण्यासारखा असतो. ‘अपराजितो’तलं काशीचं घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेलं होतं. अरुंद चौकात वरून झिरपणारा उजेड सावल्या पाडत नाही. स्टुडिओचे दिवे मात्र चार दिशांना चार सावल्या पाडतात आणि खोटेपणा उघडा पडतो. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतून आलेल्या मऊ उजेडात चित्रण केलं. पुष्कळांना तो खरा वाडाच वाटतो.

आणि हेच कुटुंब घराबाहेर काढलं तर? ‘कांचनजंघा’त (१९६२) राय ते करून बघतात. दार्जिलिंगला आलेलं बडं कुटुंब फिरायला निघतं. गोष्टीचा काळ आणि चित्रपटाची लांबी जवळपास सारखीच, सुमारे शंभर मिनिटं. बैठकीत ज्याचा शब्द खाली पडत नसे, त्या बापाची सत्ता डोंगरातल्या वळणावळणाच्या वाटेवर हळूहळू सैल पडते. भिंती नसल्या की मुली बोलू लागतात.

कुठून आणि कसं

सगळे सांगतात ‘पथेर पांचाली’पासून सुरुवात करा. नका करू. ‘महानगर’ आधी बघा. शहर ओळखीचं, प्रश्न ओळखीचा, गती सोपी. मग ‘मेघे ढाका तारा’, तोही हेडफोन लावून, कारण घटकांची निम्मी गोष्ट आवाजात आहे आणि फोनच्या स्पीकरवर चाबूक नुसता खरखरतो. त्यानंतर अपूचे तिन्ही, क्रमानं: ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’, ‘अपूर संसार’. त्यांच्या मूळ निगेटिव्हज १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. २०१५ मध्ये दुरुस्त केलेली आवृत्ती आली, ती मिळवा. जुन्या धुरकट प्रतींत इंदिरच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याच दिसत नाहीत.

‘पथेर पांचाली’त हरिहर परततो ते दृश्य आलं की सबटायटलकडे बघूच नका. तो पोतडीतून एकेक वस्तू काढतो: पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर आणि दुर्गासाठी साडी. दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही. सर्वजयाचं रडं फुटतं, पण आपल्याला तिचा आवाज ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजतं.

घटक १९६०च्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. कुमार शहानी, मणी कौल हे तिथले त्यांचे विद्यार्थी. मराठी प्रेक्षकाला आणखी जवळची वाट हवी असेल तर सेन यांचा १९८९चा हिंदी ‘एक दिन अचानक’ बघावा, शक्यतो ‘एक दिन प्रतिदिन’च्या पाठोपाठ. कलकत्त्यातलंच घर, दहा वर्षांनंतरचं. या वेळी घराबाहेर पडतो तो बाप, पावसाळी संध्याकाळी, आणि तो परत येत नाही. प्रोफेसरच्या या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत. मुलगी एक रात्र आली नाही तर वाड्यानं जिन्यावर गर्दी केली होती. बाप कायमचा गेला तेव्हा शेजारी काय कुजबुजतात आणि काय कुजबुजत नाहीत, ते दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून ऐका.